रोकेचे चांगले बूट

"तूच ना म्हणाला होतास, ती सगळी मेली म्हणून? मग ही काय भुतं चाललीत?" मेन्सिया मासळीवालीनं टोपली कमरेवर टेकवत विचारलं, आणि गर्दीतली चारपाच डोकी खिनेसकडे वळली.

खिनेसनं गल्लीकडे तोंड फिरवलं. त्रियाना ह्या खलाशांच्या वस्तीतल्या अरुंद गल्लीतून माणसं येत होती. अंगात नुसता सदरा, पाय उघडे, हातात पेटती मेणबत्ती. समुद्रात बोललेला नवस फेडायला मारियामातेच्या देवळाकडे निघालेली. तीन वर्षांपूर्वी इथून पाच जहाजं गेली होती. मावळतीला गेलेलं त्यातलं हे एक, सगळ्या पृथ्वीला वळसा घालून, उगवतीच्या बाजूनं परत आलं होतं. माणसांच्या कपड्यांना लवंगेचा वास होता आणि अंगात कपडे धरून ठेवण्यापुरतंच मांस.

खिनेस एकेक तोंड निरखत होता. हा नव्हे. हाही नव्हे. शेवटचा माणूस वळणाआड गेला, आणि खिनेसच्या छातीतून सुस्कारा सुटला. सुटकेचा. तो त्याचा त्यालाच ऐकू आला, आणि त्याचे कान तापले. लहानपणापासूनचा मित्र, रोके, परतला नाही म्हणून बरं वाटलं आपल्याला! त्यानं मान खाली घातली तर खाली रोकेचेच बूट होते. ते त्याच्या पायात होते.

दोघं एकाच दिवशी चाकरीला लागले होते, दोघांचं काम एकच: जहाजाच्या फटींत ताग ठासून वर डांबर ओतायचं. फक्त जहाजं वेगळी मिळाली. जगाच्या तळाशी, बर्फाच्या डोंगरांमधल्या त्या चिंचोळ्या पाण्यात खिनेसच्या जहाजावरच्या लोकांनी आपल्या कप्तानाला बांधलं, बाकीच्यांना तिथंच सोडलं आणि घराकडे तोंड फिरवलं. खिनेस पुढारी नव्हता. पण शीड ओढणाऱ्या हातांत त्याचेही हात होते.

परतला तेव्हा धक्क्यावर रोकेची आई, विधवा ब्रिखिदामावशी, उभी होती. "माझा रोके कुठाय?" एवढंच विचारलं तिनं. 'टाकून आलो' हे शब्द काही केल्या बाहेर येईनात. मागची जहाजं वादळात बुडाली, रोकेही गेला, असं खिनेस म्हणाला. इथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण म्हातारीचा चेहरा बघून त्याला राहवलं नाही. अंग काठाला लागलं होतं, डोळे मीच मिटले त्याचे, मावशी, असं वर जोडून दिलं.

ब्रिखिदामावशीनं ते हात धरून त्यांना ओठ लावले होते. मग तिनं त्याला घरी नेलं. रोकेची खोली दिली, जेवायला रोकेची जागा दिली, रोकेनं सणासुदीसाठी जपून ठेवलेले बूट दिले. जहाजांसाठी कडक पाव भाजायची भट्टी होती तिची. दर सोमवारी पीठ झटकून ती देवळात जायची आणि लेकाच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावायची. बरोबर खिनेस असायचा. मेणबत्ती धरायला.

दुपारी भट्टीच्या दारात सकाळच्या माणसांतला एक सांगाडा येऊन टेकला. "ब्रिखिदामावशी तुम्हीच ना? मी ओचोआ. दारात कडू संत्र्याचं झाड आहे, असं रोके सांगायचा."

"ये बाळा, बैस." मावशीनं पिठाचं पोतं पुढं सरकवलं. "वादळाआधी सांगितलं असेल त्यानं."

"कुठलं वादळ?"

भट्टीत काटक्या सारणाऱ्या खिनेसचा हात थांबला.

"तो गेला ते वादळ. दोन वर्षं होत आली," मावशी म्हणाली.

"वादळात नाही गेला हो. उपासमारीनं गेला. ह्या ईस्टरनंतर, आफ्रिकेचं टोक ओलांडताना. शेजारीच होतो मी."

मावशीनं पिठाचे हात पुसले. खिनेस मात्र उठलाच. "मावशी, ह्यांच्या हिशोबावर जाऊ नकोस! ह्यांना आज वार कुठला तेही ठाऊक नाही. ह्यांचा बुधवार तो आपला गुरुवार निघाला, गावभर झालंय. शुक्रवारी मांस खात आलेत, आणि आता नवस फेडतायत!"

"ते खरंय," ओचोआ ओशाळून म्हणाला. "रोज खूण करत होतो हो. तरी एक दिवस कुठं सांडला, देव जाणे."

"एक दिवस," मावशी सावकाश म्हणाली. "दीड वर्ष तर नाही ना सांडलं, खिनेस?"

खिनेस बाकावर बसला.

मावशी ओचोआकडे वळली. "फार भूक काढली का रे त्यानं?"

"सगळ्यांनीच. त्या मोठ्या समुद्रात तर दोर घासू नयेत म्हणून डोलकाठीला गुंडाळलेलं चामडं भिजवून खाल्लं. पण रोके तेव्हाही हसवायचा." ओचोआच्या बोळक्यात हसू आलं. "म्हणायचा, माझे चांगले बूट घरी ठेवून आलो, केवढा गाढव मी! आणले असते तर तळव्यांचा रस्सा झाला असता, आणि वरचं भाजून."

खिनेसनं पाय बाकाखाली ओढले. पण मावशी आधीपासूनच तिकडे बघत होती.

"जिता होता रे तो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सोमवारच्या सोमवार त्याच्या आत्म्याला शांती मागत होते. आणि तो भाकरी मागत होता. मी भाकरी मागायला हवी होती. आईनं एवढं तरी बरोबर मागावं की नाही?"

करपल्याचा वास आला, तशी ती उठली, लांब दांड्याचं लाकडी फावडं घालून तिनं पाव बाहेर काढले. करपलेले बाजूला टाकले. मग फडक्याखालचे घरचे मऊ पाव काढून मोठ्या टोपलीत भरले.

"जहाजावरच्या लोकांना देऊन ये. कडक कसले चावतायत त्यांना."

"मी?" खिनेस पुटपुटला. "मावशी, ती माणसं मला ओळखतात."

"ओळखू देत. ह्या पोराच्या हातात जोर आहे का टोपली उचलायचा? मग कोण नेणार, रोके?"

खिनेसनं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट भट्टीजवळ एकाला एक लावून ठेवले, टोपली खांद्यावर घेतली आणि तो बाहेर पडला. गल्लीतले दगड तापले होते. सकाळच्या मेणाचे थेंब त्यावर अजून मऊ होते आणि तळव्यांना चिकटत होते. पुढं ओचोआ भिंत धरून चालत होता. त्याच्या चालीनं चालायचं म्हणजे पोहोचायला बराच वेळ होता, आणि खिनेसला तो कमीच वाटत होता.

वळणावर त्यानं एकदाच मागं पाहिलं. मावशी भट्टीच्या दारात वाकली होती. आचेनं चामडं तडकू नये म्हणून बूट जरा लांब सरकवत होती.