बॅटचा वाक

सुताराच्या मुलीची निवड चाचणी चार वाजता होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच. आणि दोन वाजायला आले तरी बॅट काही तिच्या दुखऱ्या मनगटाला झेपेना. शेवटी तिने ती बापाच्या हाती दिली आणि बजावलं, "शंभर ग्रॅम काढा, बाबा. पण मागून हं, पाठीवरूनच."

"चाळीस वर्षं रंधा मारतोय मी," सुतार म्हणाला. "तू जा, आवर तुझं."

त्याने बॅट स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळून बसवली. रंधा इतका हलका धरला, की ढलप्या कांद्याच्या सालीसारख्या निघाल्या. चार हात मारायचे, बॅट वजनकाट्यावर ठेवायची, पुन्हा आवळायची. साठ ग्रॅम गेले, नव्वद गेले, शंभर गेले. शहाण्याने इथे रंधा खाली ठेवला असता.

पण त्याने बॅट उलटी करून पुढची बाजू वर घेतली आणि एक डोळा मिटून फळीवरून नजर टाकली. फळीला चक्क वाक! उभ्या हयातीत त्याच्या हातून वाकडं दार गेलं नव्हतं. जित्याची खोड ती. बनवणाऱ्याला चार शिव्या हासडत त्याने दहा मिनिटांत फळी सपाट करून टाकली. मग खूश होऊन अंगठा फिरवला, तर नख लाकडात रुतलं.

वरचा थर मुद्दाम दाबून टणक केलेला होता, चेंडूचा मार तोच झेलत होता, हे त्याला आता कळलं. वरून तेल चोळलं असतं, तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

मुलगी बूट घालून आली. बॅट उचलून तिने हवेत दोनदा फिरवली. "बाबा! कसली हलकी झालीय हो!" कित्येक आठवड्यांनी ती हसली.

पण सुताराची खोटं बोलायला जीभ रेटेना. "पुढूनही रंधा मारला मी. वाक काढला. फळी मऊ पडली, बाळ. चुकलं माझं."

तिने नख रोवून पाहिलं. चेहरा खर्रकन उतरला. "सहा चेंडू देतात. सहा तरी टिकेल?"

"सांगता येत नाही गं."

घरात दुसरी बॅट नव्हती. तिने तीच पिशवीत घातली.

"संध्याकाळी, चाचणी झाल्यावर सांगितलं असतंत ना, बाबा," दारातून ती म्हणाली, "तर निदान मोकळ्या हाताने मारलं असतं मी." आणि जिना उतरून गेली.