वर्षभरात अकरा किलोमीटर

काकू कुठे आहेत असं कुणी विचारलं, की शेजारचे मास्तर हमखास सांगत, "घरात नाहीत आणि बाहेरही गेल्या नाहीत. गाडीत आहेत." नवख्या माणसाला ते कोडं वाटे, गल्लीला सवयीचं झालं होतं. दुपारी चार वाजले की काकू चहाचा कप आणि जपाची माळ घेऊन पायऱ्या उतरत, अंगणातल्या फिक्या निळ्या गाडीचं दार उघडत, चालकाच्या शेजारच्या सीटवर पदर सावरून बसत आणि दार हळूच ओढून घेत. गाडी कुठे जात नसे. काकूंनाही कुठे जायचं नसे.

ही सवय जुनी. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घरात नऊ माणसं आणि तीन खोल्या. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर भिंतींना कान, आणि त्या कानांनाही तोंडं. काका चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होते. पहाटे जात, चारला परतत, बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी घेऊन. पुढे त्यांनी ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. कोपऱ्यावर इंजिनाचा आवाज वळला की काकू चहा घेऊन अंगणात हजर. खरं तर कप हातात देऊन माघारी यायचं, एवढंच काम. पण काका शेजारचं दार आतून उघडून धरत. मग पाऊण तास. सासूबाई खिडकीतून विचारत, "चहा द्यायला गेलीस की पिकवायला?" आणि काका काच वर करत.

त्या काचेआड सगळा संसार झाला. लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, धाकट्या दिराला वेगळं राहू द्यायचं की नाही, सगळं तिथेच ठरलं. डॉक्टर काय म्हणाले हेही काकांनी तिथेच सांगितलं, समोरच्या काचेवरून बोट फिरवत, जणू तिच्यावर एखादा ओरखडा राहिलाय की काय ते बघत. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. गाडी काकूंच्या नावावर झाली. काकूंना चालवता येत नव्हती. बॅटरी उतरू नये म्हणून मास्तर महिन्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणत, तेवढाच तिचा प्रवास.

दोन वर्षं अशी गेली. मग लेक आली. तिचं सासर सीमेपलीकडे, दुसऱ्या देशात. "आई, पुरे झालं आता एकटीने राहणं," ती म्हणाली, आणि काकूंनी फार ताणलं नाही. घर विकलं गेलं, भांडीकुंडी वाटून झाली, पलंग, कपाट आणि सहा खोकी ट्रकने पुढे गेली. काकूंनी मागितली ती एकच गोष्ट. "गाडी येऊ दे गं बरोबर."

"आणूया की! मी चालवीन. रोज फिरवीन तुला."

नियम सोपा होता. कायमचं राहायला येणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी विनाजकात आणता येते. अट एवढीच, की ती त्याच्या नावावर हवी आणि गेलं वर्षभर त्याने स्वतः वापरलेली हवी. तसं नसेल तर ती विकायला आणलेला माल धरतात, आणि त्या मालावरची जकात गाडीच्या किमतीहून जड. सीमेवरच्या एजंटने फोनवर लेकीला सांगितलं होतं, "ताई, काही काळजी करू नका. माझ्या हातून आजवर एक गाडी परत गेलेली नाही."

सकाळी लवकर निघाल्या. लेक स्टिअरिंगवर, काकू आपल्या जागी. इतकी वर्षं त्या जागेवरून एकच भिंत, एक नळ आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. आज भिंत सरकली. नळ गेला. मग गल्ली, पूल, शेतं, नुसतं धुकं. काकूंना वाटलं, आपण बसलोय तिथेच आहोत, खिडकीबाहेर कुणीतरी जग ओढून नेतंय. झाडं खिडकीत यायची, जरा टेकल्यासारखी करायची आणि उठून जायची. माळेचे मणी बोटांखालून सरकत होते, तसेच कडेचे मैलाचे दगडही. त्यांचा डोळा लागला. अर्धवट झोपेत शेजारी गिअर बदलल्याचा आवाज झाला, आणि काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले. मिटलेले असेपर्यंत शेजारी कोणीही असू शकत होतं.

"आई, जागी आहेस ना?"

"हं," काकू म्हणाल्या. "बसलेय."

सीमा म्हणजे काही भिंत नव्हती. पत्र्याची एक लांबलचक शेड, जमिनीवर पिवळा पट्टा, त्यावर आडवा दांडा. पट्ट्याच्या अलीकडचं धुकं आणि पलीकडचं धुकं एकच होतं. अलीकडच्या खिडकीत पासपोर्टवर शिक्का बसला, गाडीच्या नंबरपाट्या काढून जमा करून घेतल्या, आणि शेडमधून पुढे जायला सांगितलं. आता गाडी एका देशातून निघाली होती आणि दुसऱ्यात पोचली नव्हती.

एजंट हसऱ्या चेहऱ्याचा, काखेत फुगलेली फाइल. त्याने काकूंना बाजूला घेतलं. "काकू, साहेब एकच विचारतील. गाडी कशाला वापरता? सांगायचं, रोज बाजारात आणि रोज प्रार्थनेला. तुमच्या हातात माळ आहेच, शंका घ्यायचा प्रश्नच नाही."

"पण तसं नाहीये हो."

"तुम्ही नका बोलू, मी बोलतो. तुम्ही फक्त माळ दिसेल अशी धरा."

खोटं बोलायचं नाही हा काकूंचा लहानपणापासूनचा नेम. त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नव्हता. अडचणीची वेळ आली की त्या गप्प बसत. गप्प माणसाला कोणी खोटारडं म्हणत नाही. आताही त्या गप्प बसल्या, पण माळ पदराखाली घेतली.

अधिकारी पन्नाशीचे, कोरड्या आवाजाचे. त्यांनी फाइल उघडली. एजंट सुरू झाला, "रोज बाजारहाट साहेब, रोज प्रार्थना, ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका..."

"ही गाडीच्या विम्याची पॉलिसी काढतानाची तपासणी. मागच्या वर्षीची," साहेब कागदावर पेन्सिल टेकवत म्हणाले. "तुम्हीच जोडलीत. तेव्हाचा मीटरचा आकडा यात आहे. आजचा माझ्या माणसाने आत्ता बघून आणला. घरापासून इथवरचं अंतर वजा केलं, तर वर्षभरात ही गाडी चालली अकरा किलोमीटर." त्यांनी चष्मा वर ढकलला. "बाजार काय अंगणातच भरतो का हो यांच्या?"

एजंटने फाइलकडे असं बघितलं, की जणू तिने त्याला दगा दिला होता.

"म्हणजे गाडी वापरातली नाही," साहेब म्हणाले. "उभी ठेवलेली. पूर्ण जकात भरा, नाहीतर पाच वाजेपर्यंत मागे न्या."

"मागे कुठे न्यायची?" लेक एकदम पुढे सरसावली. "पाट्या काढून घेतल्यात. घर विकलंय. आणि जकात भरायची तर मी तशा दोन गाड्या घेईन!"

"मग इथल्या आवारात राहील. तीन महिन्यांनी लिलाव."

आवारात पंधरावीस गाड्या उभ्या होत्या, धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या. एकीच्या टपावर मांजर झोपलं होतं. काकूंना आपली सीट त्या रांगेत दिसली, आणि कुणी परका माणूस बोलीच्या आधी तिच्यावर बसून बघताना दिसला. आजवर खोटं टाळायचं म्हणून त्या गप्प बसत आल्या होत्या. आज तेच गप्प बसणं एजंटच्या बाजूने बोलत होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या. आवाज इतका हलका, की साहेबांना पुढे वाकावं लागलं. "हे एजंट म्हणाले ते खरं नाही. मी गप्प राहिले, ती माझी चूक. मला गाडी चालवता येत नाही. पण मी ती वापरते. रोज. पाऊण तास."

"काय करता?"

"बसते."

एजंटने कपाळाला हात लावला.

"बसता," साहेब म्हणाले.

"हो. आधी हे होते तेव्हा दोघं बसायचो. घरात जागा नव्हती. आता एकटी बसते."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते उठले आणि गाडीकडे चालू लागले. बाकीचे मागोमाग.

त्यांनी डिकी उघडली. जॅक नाही, पाना नाही, स्टेपनी नाही. दोन उशा आणि एक शाल. समोरचा कप्पा उघडला. त्यात चष्मा, सुईदोरा, हातपंखा आणि चहाच्या कपाची एक जास्तीची बशी. "चाक बदलायचं सामान नाही," साहेब स्वतःशीच म्हणाल्यासारखे बोलले, "बटण लावायचं आहे." शेजारच्या सीटला इतका खोलगट आकार आला होता, की कोणी न बसताही तिथे कोणी बसल्यासारखं वाटत होतं. दाराच्या हातटेकीवर कपाची गोल वर्तुळं, एकात एक, एकावर एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी.

साहेब चालकाच्या जागी बसले. काकूंनी सवयीने शेजारचं दार उघडलं आणि आपल्या जागी बसल्या. दोन्ही दारं बंद झाली तसे शेडमधले आवाज, हमालांची हाकाहाक, ट्रकचे हॉर्न, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. काचेवर धुक्याचा थर होता. समोर काहीच नव्हतं, आणि काहीच नव्हतं ते बघायला बरं वाटत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर लेक आणि एजंट आरशातल्या माणसांसारखे उभे होते.

"मी दहा मिनिटं बसतो," साहेब समोर बघत म्हणाले. "रोज. घराच्या अलीकडच्या वळणावर. इंजिन बंद करून."

"घरी कळलंय?"

"नाही."

"सांगा एकदा," काकू म्हणाल्या. "त्याही येऊन बसतील."

साहेब हसले नाहीत, पण स्टिअरिंगवरचा हात त्यांनी जरा उशिराच काढला.

टेबलाशी परतल्यावर त्यांनी काकूंच्या घरसामानाची यादी पुढे ओढली. पलंग एक, कपाट एक, खोकी सहा. "मावशी, वाहन म्हणून ही मला सोडता येत नाही. अकरा किलोमीटर म्हणजे अकरा किलोमीटर. घरसामानात घालता येईल. पण मग ती गाडी राहणार नाही. इथेच बॅटरी काढायची, पेट्रोल काढायचं, इंजिनाला सील. तिला पुन्हा पाट्या मिळणार नाहीत. उद्या विचार बदलला तरी नाही. सही तुमची, कायमची."

"नको आई!" लेकीचा आवाज चिरकला. "बाबांची गाडी अशी मुकी करून न्यायची? मी कोपऱ्यावर वळले की तुला आवाज कळेल, तू चहा घेऊन बाहेर येशील... मी काय काय ठरवलं होतं."

काकूंनी लेकीकडे बघितलं. म्हणजे तीसुद्धा, इतकी वर्षं, आतून तो आवाज ऐकत होती. खिडकीत आजीच्या शेजारी उभी राहून, वर जाणाऱ्या काचेकडे बघत.

"तो यायचा आवाज होता गं," काकू म्हणाल्या. "यायचं होतं ते माणूस येऊन बसून, बोलून गेलं. बसायची जागा राहू दे म्हणजे झालं."

"आणि मी?"

"तू कशाला आवाज करत येतेस? तू घरातूनच ये. दार मी आतून उघडीन."

लेकीने तोंड फिरवलं आणि ओढणीने डोळे पुसले. काकूंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

मेकॅनिकने गाडी एकदा सुरू केली, टाकीतलं उरलंसुरलं संपेपर्यंत. काकू टपावर हात ठेवून उभ्या राहिल्या. इंजिन बराच वेळ गुणगुणलं, मग अडखळलं, मग हाताखालची थरथर तेवढी राहिली, आणि तीही गेली. त्यांनी हात लगेच काढला नाही.

"यादीत काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही आत बसलात ना," काकू म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं ते लिहा."

साहेबांनी लिहिलं: बसायच्या खोलीतलं सामान, एक नग. एजंटने ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "वीस वर्षं झाली या धंद्यात. हे कलम मला कुणी शिकवलंच नाही."

पलीकडे थांबलेल्या ट्रकपर्यंत गाडी ढकलायला चार हमाल आले. लेकीला स्टिअरिंगशी बसवलं, सरळ धरायला. काकू आपल्या जागी. "जोर लावा," कुणीतरी म्हणालं, आणि गाडी हलली. ना धूर, ना घरघर. टायर जमिनीवर पुटपुटत होते तेवढेच. आडवा दांडा वर गेला. पुढचा पिवळा पट्टा हळूहळू जवळ आला आणि दिसेनासा झाला.

"आई, आत्ता गेलो का आपण?" लेकीने कुजबुजून विचारलं.

"कुठे?"

"पलीकडे."

काकूंनी हात लांब करून तिच्या बाजूची काच वर केली. हमालांचे आवाज मिटले. बाहेर धुकं तेवढं होतं, आणि ते कुणीतरी हळूहळू मागे ओढून नेत होतं.

"बोल आता," काकू म्हणाल्या. "काय काय ठरवलं होतंस?"