टेपखालची हिरवी वायर

मित्रांनो, मी एक जुना मोटर ड्राइव्ह आहे. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या मोठ्या मशीनच्या अंगावर बसवलेली करडी लोखंडी पेटी, ती मीच. ड्रम केव्हा सावकाश फिरवायचा आणि केव्हा गरगर, हे मी मोटरीला सांगतो.

मला एका वायरमनकाकांनी बसवलं. माणूस भारी काटेकोर. हिरवी वायर जोडण्याआधी त्यांनी पेटीचा रंग खरवडला, स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली. "तुझ्यातून थोडी वीज झिरपणारच," ते पुटपुटले. "तिला जमिनीत जायची ही वाट. ही तुटली, तर तू कुणाचा सगा नाहीस."

मशीनवर दोन जावा कामाला होत्या. थोरली बोलघेवडी, धाकटी अबोल. चादरी पिळून निघाल्या की थोरली मला थोपटायची, "शहाणं माझं बाळ ते!" त्या वर्षांत मी सुखी होतो.

काका निवृत्त झाले आणि मालकांनी मशीन खिडकीजवळ हलवलं. हिरवी वायर वीतभर कमी पडली. जोडणाऱ्याने दुसरी आणायचा कंटाळा केला. टोकाला टेप गुंडाळली, वायर आत कोंबली, झाकण लावलं. मशीन फिरलं. सगळे खूश झाले. मी मात्र घाबरलो.

दुसऱ्याच दिवशी मशीनचं दार उघडताना थोरली दचकली. "अगं बाई, मुंग्या आल्या हाताला!"

"हात ओले असतील," मालक म्हणाले. "चालतंय ना मशीन? मग झालं तर."

"नव्या जागेत लाडात आलंय," थोरली हसली.

"जाऊबाई, हे लक्षण बरं नाही," धाकटी म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण!

इकडे पेटीच्या भोकाच्या धारदार कडेवर मला वीज आणणारी वायर घासत होती. रोज तिचं आवरण झिजत होतं. मला ते कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

एका दुपारी तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं. हिरवी वायर जोडलेली असती, तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. तो उडाला नाही. मशीन शांत उभं राहिलं. थोरलीने दाराची मूठ धरली आणि तिचा हात सुटेना. तोंडातून शब्द फुटेना.

धाकटी हात पसरून धावली. वीतभर अंतरावर थबकली. मग वळली, भिंतीकडे झेपावली आणि मेन स्विच पाडला. थोरली धाडकन कोसळली. जीव वाचला, दोन बोटं मात्र बधिर झाली.

काकांना बोलावणं गेलं. मालक झाकणाला हात घालणार, तोच ते ओरडले, "थांबा! वीज बंद केली तरी याच्या पोटात ती दबा धरून बसते." दहा मिनिटं थांबून, मीटरने तपासून त्यांनी मला उघडलं आणि टेप गुंडाळलेलं टोक बाहेर ओढलं. मालकांची मान खाली गेली.

मित्रांनो, यंत्राने दिलेला बारीकसा झटकाही हसण्यावारी नेऊ नका. ते बंद करा आणि जाणत्याला बोलवा. आम्हाला माया कळत नाही. वीज मिळेल त्या वाटेने जाते, मग ती वाट माणसातून का असेना.

काकांनी नव्या वायरी घातल्या, कडेला रबर बसवलं. महिन्याने थोरली कामावर आली.

"सगळं ठीक आहे आता," मालक म्हणाले. "चला, कामाला लागा."

ती जागची हलली नाही. "आधी तुम्ही हात लावा."

मालकांनी काकांकडे पाहिलं. काकांनी होकारार्थी मान डोलावली. मग खूप वेळाने मालकांचा थंडगार, घामेजलेला तळवा माझ्या पत्र्यावर टेकला.