आजपासून थोरला हा

बाइंडिंगच्या कारखान्यात लांब टेबलाशी तिघी बसत. मावशी छापील कागद घडी घालून दुमडत, खळवाली मुखपृष्ठांना खळ लावी, आणि तिसरी त्या घड्या सुईदोऱ्याने एकमेकींत ओवून त्यांचं पुस्तक करी. तिला सगळे टाकेवाली म्हणत. हात कामात आणि तोंड मालिकेत. काल संध्याकाळचा भाग सकाळी टेबलावर पुन्हा व्हायचा, आणि पडद्यावर झाला त्याहून झकास व्हायचा.

त्या आठवड्यात मालिकेतल्या थोरल्याचा नट बदलला. जुना ताडमाड, गालावर खळी पडणारा. नवा बुटका, रुंद जबड्याचा. ‘आजपासून थोरला हा’ अशी पट्टी पडद्याखालून सरकली आणि झालं. मालिकेतल्या घरात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. आईने पोटाशी धरलं, कुत्र्यानेसुद्धा शेपूट हलवलं.

खळवालीचं म्हणणं, बाकीच्यांचं सोडा, पण बायकोला तरी वीतभर आखडलेला नवरा दिसू नये? त्यावर मावशी म्हणाल्या की ती बघणार कधी, तिचे डोळे बारा महिने पाण्याने भरलेले. हसता हसता दोन घड्या उलट्या पडल्या. मग गाडी नेहमीच्या कायद्यावर आली: मालिकेत ज्याचं प्रेत दाखवलं नाही, तो मेला नाही. मावशी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

टाकेवालीचा नवरा पुलाच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी परांची कोसळली. नदीने तिघांना परत दिलं, त्याला दिलं नाही.

टाकेवालीने ते हसण्यावारी नेलं. सुईत दोरा ओवत ती म्हणाली, “माझाही येऊ दे की. चेहरा दुसरा असला तरी चालेल.”

मावशींनी तेवढं म्हटलं, असं बोलू नये, भिंती ऐकत असतात.

रविवारी सकाळी तो आला. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. जिन्यातलं खाकरणं तिने ओळखलं आणि हातातला ओला टॉवेल टाकून धावली. दारात एक अनोळखी माणूस उभा होता. दिसायला वाईट नव्हता. फक्त तो नव्हता.

सासूबाई पुढे झाल्या. क्षणभर थबकल्या, मग त्याचं डोकं दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, “आलास? किती वाळलास रे.”

त्याला सगळं ठाऊक होतं. कुठला नळ गळतो, कपाटाचं दार कुठे दाबलं की उघडतं, लग्नानंतर पहिल्या भांडणात ती काय बोलली होती. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तिच्या शेजारी हाच उभा होता, रुंद हसत.

सोमवारी तिने टेबलावर विचारलं, थोरल्याचा जुना नट कसा होता हो? मावशींनी कागदावरची नजर काढली नाही. जुना कुठला, पहिल्यापासून हाच आहे की, म्हणाल्या. मग ती गालावरची खळी? खळवाली हसून म्हणाली की नवरा परत आला तर बाईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दोघींनी तिच्या आनंदात आनंद मानला होता, अगदी मनापासून.

आता जुना चेहरा तिच्या एकटीच्या डोळ्यांमागे उरला होता. ती मिटल्या पापणीत त्याला गोळा करी. मंगळवारी तुटका दात होता, बुधवारी नव्हता. बुधवारी भुवई होती, गुरुवारी पुसली. वाळूवरचं पाऊल पाण्याने न्यावं, तसा तो कडेकडेने चालला.

एकच गोष्ट तिने राखली होती. आलेल्याला तिने अजून हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. तिच्या तोंडी कायम ‘अहो’. आणि अहो हा शब्द असा, की कुणाच्याही अंगाला बरोबर बसतो. याच्या अंगावर एकदा चढला की खऱ्यासाठी तो कुठल्या खुणेने परत मागायचा?

शुक्रवारी दिवेलागणीला सासूबाई म्हणाल्या, “ताटं घेतलीत. हाक मार त्याला.”

तो आतल्या खोलीत होता. टाकेवाली आत गेली नाही. तिने बाहेरचं दार उघडलं, जिन्याकडे तोंड केलं. चेहऱ्यातलं आता काहीच सापडेना. नुसता आवाज उरला होता, तो तिने मनात धरला आणि म्हटलं, “अहो.”

“आलो,” आतून भरदार उत्तर आलं.

आणि तीन मजले खालून, पाण्याखालून यावा तसा, दुसरा आवाज आला. “ओ.”

तो त्याचाच होता. जिन्यावर ओली पावलं चढू लागली, सावकाश, प्रत्येक पायरीवर दम घेत.

सासूबाईंनी झटक्यात दार लोटलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“खालच्यांची मालिका लागली असेल,” त्या म्हणाल्या.

टाकेवाली त्यांच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या डोळ्यांत काहीही विसरलेलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“एक आलाय ना घरात. मला पुरे.” सासूबाईंनी कडी आणखी घट्ट धरली. “तो कसा दिसत असेल ग आता, दोन वर्षांनी? मला नाही बघवणार.”

आत पाट सरकवल्याचा आवाज झाला. तो पानावर बसला होता. बाहेर पावलं दाराशी थांबली. दाराखालून पाण्याची एक रेघ आत आली आणि दोघींच्या पायांना लागली, गार.

टाकेवालीने सासूबाईंचा हात हातात घेतला आणि कडीवरचं एकेक बोट हळूहळू सोडवायला लागली.