पंच्याऐंशी साल

"पुन्हा नाहीच म्हणतोय." पेइशानने खुर्ची मागे सरकवली. "काका, इलान जिल्ह्यातल्या दोनशे अकरा संगणकांवर हा एजंट गपगुमान बसला. तुमचाच तेवढा आडमुठा निघाला."

"जुना आहे तो," श्वेवांग म्हणाले. "माझ्यासारखा."

"जुने पुष्कळ बघितले मी. जुना असला की रखडतो. हा रखडत नाहीये, तोंडावर दार लावतोय."

थू पेइशान जिल्हा कार्यालयातून, श्वेवांग सांभाळत असलेल्या या पूरपंप केंद्रावर आली होती. पुराचं पाणी उपसून बाहेर टाकायचं हे इथलं काम. गेल्या वर्षी अशाच दुसऱ्या एका केंद्राच्या संगणकात कोणीतरी बाहेरून शिरलं. आत त्याने काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण संगणकाने ठेवलेल्या नोंदी तो जाताना पुसून गेला होता. तेव्हा हुकूम निघाला की प्रत्येक केंद्रावर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. संगणकात कोण आलं, कोणी काय बदललं, ते सगळं त्याने तिथल्या तिथे लिहायचं आणि कुलूपबंद करून कार्यालयाला पाठवायचं. एकदा पोचलेली नोंद मग इथल्या कोणालाही पुसता येत नाही. शुक्रवार शेवटचा दिवस. ज्या संगणकावर एजंट नसेल त्याची तार काढायची आणि पंप माणसांनी हाताने चालवायचे. आज मंगळवार होता, आणि आठवड्याच्या शेवटी वादळ येणार असं टीव्हीवर सांगत होते.

खालच्या पंपघरातून आमान हात पुसत वर आली. झडपा उघडणं, लावणं हे तिचं काम. बोलण्याला मात्र तिने कधी झडप लावली नव्हती. संगणकाच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट उभं होतं. ते असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी इथली समजूत. ते फोडायचं नाही, आणि त्याची मुदत संपायच्या आत नवं आणून ठेवायचं.

"पाकीट ताजं आहे हो," ती पेइशानला म्हणाली. "मागच्याच महिन्यात बदललंय मी. पाकिटात काही खोट नाही, यंत्रच लाडावलंय. दादांनी घरात नसेल दिला एवढा वेळ याला दिलाय."

"आमान, दोन नंबरच्या पंपाचं तेल बघ जा," श्वेवांग म्हणाले.

"बघितलं. काहीतरी कारण काढून घालवताय मला." आणि ती तिथेच स्टुलावर बसली.

पेइशान एजंटने लिहिलेली तक्रार वाचत होती. "म्हणतोय, समोरच्याचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. आमच्या कार्यालयाचा संगणक ओळख पटवायला दाखवतो ना, ते. पण ते तर यंदाच्या, म्हणजे सरकारी सन एकशे तेराच्या जानेवारीपासून सुरू आहे." तिने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "चोवीस सप्टेंबर, मंगळवार, नऊ चाळीस. घड्याळ तर बरोबर आहे." मग, करून बघावं म्हणून, तिने तारखेवर टिचकी मारली. आत दडवलेला सन बाहेर आला.

पंच्याऐंशी.



"अठ्ठावीस वर्षं मागे," पेइशान सावकाश म्हणाली. "महिना बरोबर, वार बरोबर, मिनिटसुद्धा बरोबर. हे आपोआप होत नाही, काका."

"अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा जुळतात," श्वेवांग म्हणाले. कोणी गणित घातलं असावं तसं ते उत्तर आलं.

आमानने हिरव्या पाकिटावरची मुदत वाचली. "एकशे चौदा. म्हणजे याच्या हिशेबाने हे अजून एकोणतीस वर्षं चालेल?"



ज्येन श्वेवांगनी हा पंपांचा प्रोग्रॅम तरुणपणी स्वतः लिहिला होता आणि त्या काळी सगळेच ठेवत तसे, प्रजासत्ताक झाल्यापासून मोजल्या जाणाऱ्या सरकारी सनाला दोनच आकडे ठेवले होते. पुढे कधीतरी शंभर येणार हे कळत नव्हतं असं नाही. ते आपल्याच कारकिर्दीत येईल असं वाटलं नव्हतं. आलं. शंभर म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी शून्य. आज मोजलेली पाण्याची पातळी त्याला कालच्या पातळीपेक्षा जुनी वाटणार, आणि पंप सुरूच होणार नाहीत. दुरुस्ती तीन जागी करायची होती. पण सन नव्व्याण्णवच्या त्या डिसेंबरात त्यांची बायको लोतुंगच्या इस्पितळात होती. एकतीस तारखेला दुपारी ते तासाभरासाठी केंद्रावर आले, घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेलं, कोपऱ्यातला सन दिसेनासा केला आणि आठवड्याभरात नीट करू असं मनाशी म्हणत बस पकडून परत गेले. नवव्या दिवशी बायको गेली. मार्चमध्ये कार्यालयाने चौकटीतलं प्रशस्तिपत्र पाठवलं. सन शंभर लागताना एकही पंप बंद पडू दिला नाही, म्हणून. ते भिंतीवर लागलं, आणि मग बोलायची सोय राहिली नाही.

महिन्याचा अहवाल छापला की त्यावर चुकीचा सन येई. श्वेवांग तो पांढऱ्या शाईने झाकत आणि त्यावर खऱ्या सनाचा रबरी शिक्का मारत. हे काम दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तेरा वर्षं त्यांनी महिनाअखेरीला रजा घेतली नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा, तारीख महिन्याच्या मधली धरा, एवढीच एक अट त्यांनी घातली. का म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, हवा बरी असते.

"डिसेंबरात निवृत्त होतोय मी," आता ते पेइशानला म्हणाले. "कागदावर काय लिहिशील?"

"'यंत्राची वेळ बदललेली आढळली' असा रकाना आहे." तिने मान वर केली नाही. "त्याच्या पुढे 'कोणी' असा रकाना आहे."

"भूत लिही," आमान म्हणाली. "भुतांचा महिना आत्ताच संपलाय. एखादं राहिलं असेल परत जायचं."

"मला परवापर्यंत वेळ दे," श्वेवांग म्हणाले. "प्रोग्रॅम नीट करतो."

त्या तीन जागा त्यांना पाठ होत्या. मंगळवारची दुपार आणि बुधवार, एवढ्यात दुरुस्ती झाली. शेजारच्या सुट्या संगणकावर त्यांनी ती चार-चारदा चालवून बघितली. पातळी चढली की पंप सुरू, उतरली की बंद. चूक कुठेच निघाली नाही, तेव्हा बुधवारी संध्याकाळी ती खऱ्या संगणकावर चढवली. तेरा वर्षं उरावर घेतलेलं काम दीड दिवसाचं होतं, याचाच त्यांना जास्त राग आला.

गुरुवारी सकाळी पेइशान आली. आमान खाली आहे हे बघून तिने दार लोटलं.

"काका, मी विचार केला. कामं दोन आहेत. घड्याळ नीट करायचं आणि एजंट सुरू करायचा. आधी घड्याळ केलंत, तर एजंट जागा होईल तेव्हा सगळं जागच्या जागी असेल. जुन्या नोंदी तो वाचत नाही, तसं सगळीकडेच लावलंय मी. रकान्यात 'अडचण नाही' असं लिहीन."

"आणि आधी एजंट सुरू केला तर?"

"तर तो दार लावून बसेल, पण आत लिहीत राहील. तुम्ही घड्याळ हलवलंत की तीच त्याची पहिली नोंद. प्रमाणपत्र पटलं की ती निघाली. मग मी पुसू शकत नाही, माझे साहेबही नाहीत. चौकशी लागेल, काका."

श्वेवांगनी चष्मा काढून पुसला. "ते गेल्या वर्षीचं केंद्र. तिथल्या माणसाचं काय झालं?"

"मी काही केलं नाही असं सांगत राहिला बिचारा. दाखवायला नोंदच नव्हती, कोणाला पटेना. शेवटी बदली मागून गेला."

"माझ्यामागे ही खुर्ची आमानकडे येणार," श्वेवांग म्हणाले. कपाटात तेरा वर्षांचे अहवाल होते, पानोपानी पांढऱ्या शाईचे. कधीतरी कोणीतरी ते उजेडात धरणारच होतं, आणि तेव्हा या खुर्चीत आमान असणार होती.

त्यांनी चष्मा लावला. "आधी एजंट."

पेइशानने एजंट सुरू केला. तिच्या पडद्यावर या केंद्रापुढे लाल ठिपका होता, तो लालच राहिला. श्वेवांग खुर्चीत बसले. या संगणकात सगळे 'पंपघर' या एकाच नावाने शिरत. त्यांनी ते खोडून स्वतःचं नाव घातलं, सांकेतिक शब्द घातला, आणि पंच्याऐंशीच्या जागी एकशे तेरा केलं. ठिपका थोडा वेळ तसाच राहिला. मग हिरवा झाला.

तिने आपला संगणक त्यांच्याकडे वळवला. एकच ओळ आली होती.

वेळ बदलली. आधी: २६ सप्टेंबर ८५. आता: २६ सप्टेंबर ११३. बदलणारा: ज्येन श्वेवांग.

"पोचली," पेइशान म्हणाली.

त्यांनी ती ओळ पुढे वाकून वाचली. बायकोच्या मृत्यूचा दाखला असाच वाचला होता, नाव बरोबर आहे ना एवढंच बघत. "नाव बरोबर आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात खालून धडधड सुरू झाली आणि पाठोपाठ जिन्यावर आमानचे बूट वाजले. "दादा, एक नंबर आपला आपण सुरू झाला! पाणी खुणेला लागलं आणि लगेच!" दारात ती थांबली. श्वेवांग स्टुलावर चढून चौकट उतरवत होते. "हे कशाला काढताय?"

"धूळ बसलीय."

"मग पुसून लावा."

"नको." चौकट त्यांनी भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. "आमान, महिनाअखेरीला मी नाही. मुलीकडे जातोय, थायचुंगला. अहवाल तू काढ. आता शिक्का लागत नाही."

"आणि पांढरी शाई?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रिकाम्या बाटल्या कचऱ्यात मीच टाकते ना," आमान म्हणाली. "बारा वर्षं झाली."

पेइशानने वायर गुंडाळायला घेतली. आमानने मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं, खाली गेली आणि पंपघरातलं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर घेऊन आली. ते तिने खिळ्याला अडकवलं. सोमवारपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

श्वेवांग अजून स्टुलापाशीच उभे होते. त्यांनी एकेक करून तीन पानं फाडली, घडी घालून खिशात ठेवली, आणि खालचं पान अंगठ्याने सपाट केलं.