अर्थिंगची तार

टिळकवाडीतल्या केशव गलगलीच्या घरात वीज आली ती त्याच्या वडिलांच्या, आप्पांच्या हौसेनं. भिंतींवरून शिशाच्या आवरणाची तार फिरवलेली, आणि मेन स्विचपासून एक उघडी जाड तार खिडकीतून परसात उतरून विहिरीशेजारी जमिनीत गेलेली. आप्पा वारले. त्या उघड्या तारेचं काम काय, हे केशवनं कधी विचारलं नव्हतं. शाळेत तो संस्कृत शिकवायचा. दिवा लागला की विजेशी त्याचा संबंध संपला.

महायुद्ध संपून वर्ष होत आलं तरी बाजारात धड काही मिळत नव्हतं. धुणं वाळवायची दोरी कुजली म्हणून कल्याणीची, त्याच्या बायकोची, कुरकुर चालली होती. केशवनं परसातली ती तार पकडीनं तोडली आणि दोन खांबांना ताणून बांधली. मग दिवा लावून बघितला. लागला.

"बघ, उगीच लोंबकळत होती," तो म्हणाला.

पावसाळ्यात भिंती ओलावल्या. भांडी घासायला येणारी मालुबाई एकदा म्हणाली, "अण्णा, सैपाकघरातल्या भिताडाला हात लावला की मुंग्या आल्यागत हुतंय."

"ओला हात लावत जाऊ नका म्हणजे झालं." केशवनं वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

त्याच आठवड्यात, घासलेली कळशी फळीवर ठेवताना मालुबाईचा हात भिंतीवरच्या तारेला लागला आणि तिथंच चिकटला. ओरडायलाही तिला जमलं नाही. कल्याणी धावली, कोपऱ्यातल्या कोरड्या बांबूनं तिनं तो हात हाणून सोडवला. केशव दारात नुसता उभा होता.

मालुबाई वाचली. पण तळवा भाजला, आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटली ती पुन्हा उघडलीच नाहीत.

वायरमन परशराम येऊन सगळं बघून गेला. जाताना म्हणाला, "आतलं रबर कुजलंय. जुनं झालं की कुजतंच. पण अशी वरच्या शिशात आलेली वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंगची तार असती. ती कुठाय?"

"गंजून तुटली असेल," केशव म्हणाला.

कल्याणीनं नवऱ्याकडं बघितलं. "परसात आहे ती. धुणं वाळतंय तिच्यावर," ती हळूच म्हणाली. "दोरी मीच मागितली होती."

परशराम परसाच्या दाराकडं वळला. केशवला मान वर करवली नाही.

घरातली सगळी तार बदलली, नवं अर्थिंग झालं. केशवचं मात्र चित्त थाऱ्यावर येईना. वर्गात पोरं फळ्यावर लिहायला लागली की त्याची नजर त्यांच्या बोटांवर जायची. मालुबाई जांबोटीला भावाकडं गेली होती. पावसानं उघडीप दिली तसा तो तिकडं निघाला. गाडीरस्ता संपल्यावर चिखल तुडवत चालत गेला.

त्याला बघून ती धडपडत उठली. "अण्णा, तुमी कशाला आलासा? माझीच चूक हुती. ओला हात लावू नको म्हणून तुमी सांगितलं हुतं."

वाटेत जुळवलेले शब्द केशव विसरून गेला. "नाही मालुबाई. ती तार मी तोडली होती. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आणि वायरमननं विचारलं तर खोटं बोललो."

तिनं आपल्या मिटलेल्या बोटांकडं बघितलं.

"म्हंजी माझं चुकलं न्हवतं?"

"नाही."

"हितं समदी मलाच बोलत्यात. धांदरट म्हणत्यात." तिचा आवाज चढला. "मष्णू! हिकडं ये रं! भावजयीलाबी बोलीव!"

भाऊ भातातून चिखलाचे पाय घेऊन आला, मागोमाग त्याची बायको आली.

"आता ह्येंच्याम्होरं परत सांगा, अण्णा."

केशवनं परत सांगितलं. पहिल्यापेक्षा हे जड गेलं. मध्येच त्याला थांबावं लागलं. मष्णू त्याच्याकडं एकटक बघत राहिला, त्यानं त्याला बसायलाही सांगितलं नाही. शेवटी मालुबाईच म्हणाली, "पाणी दे गं अण्णास्नी." केशवनं तांब्या घेतला.

तो निघाला तशी ती बांधापर्यंत सोबत आली.

"कामाला येनार न्हाय मी," ती म्हणाली.

"बरं," केशव म्हणाला, आणि चालू लागला.