पेना आजीच्या दारापर्यंतचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे, बल्गेरियातल्या गोर्नो ब्रेझे गावचा. सरकारी कारखान्यातून आलो तेव्हा माझं बँड लावून स्वागत झालं होतं. पुढे ते कम्युनिस्टांचं राज्य गेलं, कारखाना बंद पडला आणि मी गंजत पडलो. आता निवडणूक आली की मला धुतात, पुसतात. ती झाली की पुन्हा गंज. गरज सरो, वैद्य मरो!

गावच्या मेयरला मत देणाऱ्यांच्या दारी डांबर, बाकीच्यांच्या नशिबी चिखल. टेकडीवरच्या पेना आजीने कधीच त्याला मत दिलं नाही. डेअरीची गाडी चिखलातून वर चढत नसे. आजी मेंढ्यांच्या दुधाचे कॅन गाढवावर लादून खाली आणायची, तोवर अर्धं दूध नासायचं. शेवटी तिने मेंढ्या विकायचं ठरवलं.

माझा ड्रायव्हर रांगेल. त्याची नोकरी मेयरच्या मेहेरबानीची.

"रांगेल, बाळा, तुझा रोलर माझ्या घराला घाबरतो का रे?" आजी विचारायची.

"रोलर नाही गं आजी, मी घाबरतो," तो खालमानेने म्हणायचा. मला त्याची फार दया यायची.

मग युरोपच्या निधीतून टेकडीचा रस्ता झाला. कागदावर आजीच्या घरापर्यंत, प्रत्यक्षात मेयरच्या मेव्हण्याच्या फाटकापर्यंत. बेल्जियमहून तपासनीस आला. समोरून आजी गाढव घेऊन उतरत होती. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "रस्ता घरापर्यंत आला?"

आजीने जोरजोरात मान वरखाली हलवली. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही'. पण साहेब खूश! सहीसाठी त्याने पेन काढलं. मेयर हसू दाबत उभा होता.

रांगेलने माझ्यावरून खाली उडीच मारली. "साहेब, थांबा! ती नाही म्हणतेय. चला वर, दाखवतो."

"रांगेल, घरी पोरंबाळं आहेत ना तुला?" मेयर हळूच म्हणाला.

"आहेत. आजीचंच दूध पितात ती."

साहेब वर गेला, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. सही झाली नाही. रस्ता पुरा करावाच लागला. शेवटचा पट्टा रांगेलनेच माझ्याकडून दाबून घेतला, आणि त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

आता गाडी आजीच्या दारात थांबते. मेंढ्या तिच्याच गोठ्यात आहेत, शेजाऱ्यांनीही नव्या घेतल्या. रांगेलला मात्र गावात कुणी काम दिलं नाही. मेयरचा धाक! तो स्पेनला द्राक्षं तोडायला निघाला. जाताना माझ्या चाकावर हात ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्या, जप हं." लोखंडाला रडू येत नाही, असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका.

मित्रांनो, मला तेल घालायला विसरलात तरी चालेल. पण दारात रस्ता आला, तर तो कुणी उपकार म्हणून दिला असं समजू नका. तो तुमचाच असतो. आणि ज्याच्यामुळे तो आला, त्याला त्या रस्त्याने गाव सोडून जाऊ देऊ नका.